भेगेचा अंदाज आणि मापणाऱ्याचें इमान

कुंभाराकडून मडकें घेतांना तें बोटानें वाजवून घ्यावें, असें आपल्याकडील घरोघरच्या वडील स्त्रिया मुलांस शिकवीत आल्या आहेत. मडकें खणखणीत वाजलें तर पक्कें. बद्द वाजलें तर त्यांत कोठें तरी चीर आहे, मग ती डोळ्यांस दिसो वा न दिसो. आगगाडी स्टेशनांत थांबली म्हणजे लांब दांड्याच्या हातोडीनें एकेक चाक ठोकीत जाणारा रेल्वेचा नोकर हीच युक्ति योजीत असे. ह्या दोन्ही परीक्षांत एक गुण समान आहे: वस्तु न मोडतां तिच्या अंतरंगाची वार्ता त्या देतात. त्यांत एक उणीवहि समान आहे: चीर आहे किंवा नाहीं, एवढेंच त्या सांगतात, ती केवढी आहे हें सांगत नाहींत.

मडकें फुटलें तर फार झालें तर पाणी सांडतें. विमानाचा पत्रा, जेट एंजिनाचें पातें किंवा अणुविद्युत्केंद्रांतील बाष्पजनित्राची नळी फुटली तर काय होईल, ह्याचा नुसता विचारहि भयंकर आहे. म्हणून अशा भागांच्या बाबतींत ‘भेग आहे काय?’ एवढें विचारून भागत नाहीं; ‘ती किती लांब, किती खोल, आणि हा भाग आणखी किती दिवस चालवावा?’ असें विचारावें लागतें. ह्या प्रश्नाचें उत्तर देण्याचें जें एक प्रमुख साधन आज जगभर वापरलें जातें, त्यास आवर्त प्रवाहांची तपासणी, किंवा कारखान्यांतील रूढ नांवानें एडी करंट तपासणी, म्हणतात. ह्या साधनाची ओळख आमच्या विद्यार्थिवाचकांस करून द्यावी, आणि त्याचबरोबर त्याविषयीं आमचें मत स्पष्टपणें मांडावें, असा ह्या लेखाचा हेतु आहे. तें मत थोडक्यांत असें: भेगेच्या मापाचा जो आंकडा ह्या यंत्राच्या साह्यानें मिळतो, तो प्रत्यक्ष मापलेला नसून अनुमानानें काढलेला असतो, म्हणून त्यांत किती चूक संभवते हें सांगितल्यावांचून तो आंकडा देणें म्हणजे अर्धसत्य सांगणें होय, आणि अशा कामीं अर्धसत्य हें उघड अज्ञानाहून अधिक घातक ठरतें.

पोलादासारखा कणखर धातु फुटतो कसा, अशी शंका येणें साहजिक आहे. एखादी तार एकदां वांकविली तर तुटत नाहीं. परंतु तीच पुन्हां पुन्हां मागें-पुढें वांकवीत राहिलें म्हणजे तिचे दोन तुकडे होतात, हा खेळ बहुतेक प्रत्येक मुलानें केलेला असतो. ह्यासच धातूचा शिणवटा म्हणतात. एका खेपेस सहज पेलेल असा भार हजारों, लाखों वेळां पडला म्हणजे एखाद्या भोकाच्या कडेस, खांचेच्या कोपऱ्यांत किंवा घडणींतच राहिलेल्या दोषापाशीं सूक्ष्म भेग उगवते. ती प्रत्येक हिसक्यासरशीं थोडीथोडी पुढें सरकते. आणि उरलेल्या भागास भार पेलवेनासा झाला म्हणजे एका क्षणांत सारें संपतें. ८ मे १८४२ रोजीं फ्रान्समध्यें व्हर्सायहून पॅरिसला निघालेल्या आगगाडीच्या एंजिनाचा आंस असाच मोडला, आणि पन्नासाहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं.

त्या गोष्टीला दीडशें वर्षें होत आलीं असतां तीच कथा आकाशांत घडली. २८ एप्रिल १९८८ रोजीं हवाई बेटांतील हिलोहून होनोलुलूस निघालेलें अलोहा एअरलाइन्सचें बोइंग ७३७ जातीचें विमान २४,००० फूट उंचीवर असतां त्याच्या पुढील भागाचें सुमारें १८ फूट लांबीचें छप्पर उडून गेलें. एक विमानसेविका त्याबरोबर बाहेर फेंकली गेली व तिचा प्राण गेला. बाकीच्या ९४ जणांसह तें उघडें विमान वैमानिकांनीं मोठ्या धैर्यानें माउइ बेटावर उतरविलें. हें विमान १९ वर्षांचें होतें आणि त्याचीं ८९,६८० उड्डाणें झालीं होतीं. प्रत्येक उड्डाणांत विमानाच्या आंतील हवेचा दाब बाहेरच्या दाबाहून अधिक होतो, तेव्हां त्याचें अंग किंचित् फुगतें आणि उतरल्यावर पुन्हां पूर्ववत् होतें. म्हणजे वर सांगितलेल्या तारेप्रमाणेंच तें नव्वद हजार वेळां ताणलें व सैल सोडलें गेलें होतें. पत्र्यांच्या जोडावरील रिव्हेटांच्या भोकांपासून बारीक भेगा निघाल्या, आणि त्या एकमेकींस मिळाल्या.

ह्या प्रकरणीं विशेष लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, तपासणीचें साधन त्या वेळीं उपलब्ध होतें. विमान बांधणाऱ्या कंपनीनें १९८७ सालींच अशा सर्व जोडांची आवर्त प्रवाहांनीं तपासणी करण्याची सूचना काढली होती. सरकारी हुकुमानें मात्र ती कांहीं जोडांपुरतीच सक्तीची केली, आणि जेथून पत्रा फाटण्यास सुरुवात झाली तो जोड त्यांत नव्हता. चौकशीमंडळानें मुख्य दोष देखभालींत भेगा न सांपडण्याचा ठरविला, व ह्या अपुऱ्या हुकुमाचाहि उल्लेख केला. त्याच चौकशींत असें आढळलें कीं, विमानांत चढतांना एका प्रवासी बाईस दाराजवळच्या पत्र्यावर लांबट भेग प्रत्यक्ष दिसली होती. परंतु तिनें तें कोणास सांगितलें नाहीं. ती बाई त्या कामांतली नव्हती, तिला आम्ही दोष देत नाहीं. परंतु भेग दिसणें आणि ती नीट सांगितली जाणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें ह्यावरून वाचकांनीं मनांत पक्कें धरावें. पुढील विवेचनास त्याचा उपयोग होईल.

आतां यंत्राची रचना पाहूं. १८२४ च्या सुमारास फ्रेंच शास्त्रज्ञ अरागो ह्यास असें दिसून आलें कीं, तांब्याची तबकडी चुंबकसूचीजवळ फिरविली असतां सूची तिच्यामागें ओढली जाते. वस्तुतः तांबें चुंबकास आकर्षीत नाहीं. ह्याचा उलगडा १८३१ मध्यें फॅरडेनें केला: बदलत्या चुंबकीय क्षेत्रांत सांपडलेल्या धातूंत विद्युत्प्रवाह उत्पन्न होतात. हे प्रवाह नदीच्या डोहांतील भोवऱ्यांप्रमाणें आपल्याच भोवतीं फिरत असल्यानें त्यांस आवर्त प्रवाह हें नांव मिळालें. १८५५ मध्यें फूको ह्यानें त्यांच्यामुळें धातु तापतो हें दाखविलें. पुढें १८७९ मध्यें ह्यूज ह्यानें दोन वेटोळ्यांचा एक तराजू रचून, निरनिराळ्या धातूंचीं नाणीं त्याजवर ओळखतां येतात असें सिद्ध केलें. बाजारांत नाणें दगडावर वाजवून घेण्याचीच ही शास्त्रीय आवृत्ति होय. ह्या तत्त्वास कारखान्यांतील तपासणीचें पक्कें रूप देण्याचें मोठें श्रेय जर्मन शास्त्रज्ञ फर्स्टर ह्याजकडे जातें. त्यानें १९४८ मध्यें रॉयटलिंगेन येथें ह्या कामासाठीं स्वतःची संस्था काढली.

तपासणीची रीत अशी: पेन्सिलीएवढ्या दांडीच्या टोकांत बारीक तारेचें वेटोळें बसविलेलें असतें, तिला प्रोब म्हणतात. वेटोळ्यांत प्रत्यावर्ती, म्हणजे क्षणोक्षणीं दिशा बदलणारा, प्रवाह सोडून तें धातूच्या पृष्ठभागावरून फिरवितात. धातूंत आवर्त प्रवाह उठतात, आणि ते उलट वेटोळ्यावर परिणाम करितात. त्यामुळें वेटोळ्याच्या विद्युत्संरोधास एक ठराविक किंमत येते. धातु अखंड असेपर्यंत ती किंमत स्थिर राहते. वाटेंत भेग आली कीं, प्रवाहांस खडकाला वळसा घालणाऱ्या पाण्याप्रमाणें तिच्या टोकांवरून अगर तळाखालून फिरून जावें लागतें. त्यांचें बळ व त्यांची वेळ दोन्ही बदलतात, आणि तो बदल पडद्यावरील एका ठिपक्याच्या हालचालीनें दिसून येतो. वस्तूस स्पर्श न झाला तरी चालतें, पातळ रंगाचा थर खरवडावा लागत नाहीं, आणि उत्तर तत्काळ मिळतें. हे गुण थोडे नव्हेत.

परंतु वाचकहो, येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्या. यंत्रास भेग दिसत नाहीं. त्यास दिसतो तो केवळ संरोधांतील फरक. त्या फरकावरून भेगेचें माप काढणें हें धुरावरून अग्नीचा आकार ताडण्यासारखें आहे. अनुमान खोटें असतें असें नव्हे. पण त्याच्या मर्यादा असतात. त्या क्रमानें सांगतों.

पहिली मर्यादा खोलीची. आवर्त प्रवाह पृष्ठभागाशीं दाट असतात व खालीं जातां जातां झपाट्यानें विरळ होतात. ज्या खोलीवर ते पृष्ठभागाच्या शेंकडा ३७ इतके उरतात, तिला प्रमाण वेधखोली म्हणतां येईल. तिच्या तिप्पट खोलीवर ते शेंकडा पांचच उरतात. ही खोली प्रवाहाच्या कंप्रतेवर अवलंबून असते. शुद्ध ॲल्युमिनियमच्या बाबतींत सेकंदास १०० आवर्तनें असतां ती सुमारें ८ मिलिमीटर, १०,००० असतां सुमारें ०·८ मिलिमीटर, आणि १० लक्ष असतां सुमारें ०·०८ मिलिमीटर भरते. कंप्रता शंभरपट केली कीं, खोली दहावा हिस्सा होते, हें विद्यार्थ्यांच्या लक्षांत आलेंच असेल. अर्थात् बारीक भेग स्पष्ट दिसावी म्हणून कंप्रता वाढवावी तर खोलवरचें दिसेनासें होतें. खोलवर पाहावें तर बारीक भेग निसटते. शिवाय भेग खोल होत गेली तरी एका मर्यादेपुढें संकेत वाढेनासा होतो. ती मर्यादा ओलांडल्यावर दोन मिलिमीटरांची भेग आणि पांच मिलिमीटरांची भेग ह्यांत यंत्रास फारसा भेद करतां येत नाहीं.

दुसरी मर्यादा अशी कीं, एकाच संकेतामागें अनेक भेगा संभवतात. आंखूड पण खोल भेग आणि लांब पण उथळ भेग ह्या दोन्ही सारखाच संकेत देऊं शकतात. प्रोब पृष्ठभागापासून केसभर उचलला गेला, वस्तूची कड जवळ आली, किंवा पोलादाचे चुंबकीय गुण जागोजाग बदलले, तरीहि ठिपका हलतो. कुशल तपासनीस ह्या हालचालींच्या दिशा ओळखून त्या वेगळ्या काढतो. पण त्यास कौशल्य व सावधपणा दोन्ही लागतात.

तिसरी मर्यादा आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. वजन करण्यास मापें लागतात, तशीं येथेंहि लागतात. ज्ञात खोलीच्या खांचा पाडलेला नमुन्याचा तुकडा प्रथम तपासून संकेत व खोली ह्यांचा मेळ बसवितात, आणि मग त्या कोष्टकावरून खऱ्या भेगेची खोली वाचतात. परंतु विजेच्या ठिणग्यांनीं कोरलेली खांच रुंद व स्वच्छ असते. शिणवट्याची भेग अत्यंत चिंचोळी असून तिचे कांठ ठिकठिकाणीं एकमेकांस टेकलेले असतात. त्या टेकलेल्या जागांतून प्रवाह पूल ओलांडल्याप्रमाणें पलीकडे जातो. त्यामुळें खरी भेग तितक्याच खोल खांचेहून कमी संकेत देते. परिणामीं खरी भेग आहे त्याहून लहान वाटण्याचा धोका राहतो. म्हणजे चूक जर व्हायचीच तर ती नेमकी धोक्याच्या बाजूस होते.

लहान चुकीनें असें काय बिघडतें, असें कोणी म्हणेल. त्याचें उत्तर गणितानें द्यावें हें बरें. भेगेच्या वाढीचा जो नियम पॅरिस व एर्दोगान ह्यांनीं १९६३ मध्यें मांडला, त्याप्रमाणें भेग जितकी मोठी तितकी ती अधिक वेगानें वाढते. उदाहरणार्थ, वाढीचा वेग भेगेच्या लांबीच्या दीडाव्या घातांकाच्या प्रमाणांत आहे, आणि भेग १६ मिलिमीटर झाली कीं भाग तुटतो, असें धरूं. तपासनिसानें भेग १ मिलिमीटर आहे असें लिहिलें. वस्तुतः ती २ मिलिमीटर असेल, तर उरलेलें आयुष्य अंदाजाच्या सुमारें तीन-पंचमांश भरेल. ती ४ मिलिमीटर असेल तर केवळ एक-तृतीयांश. पुढची तपासणी ज्या दिवशीं करावयाची ठरली, त्याच्या पुष्कळ आधींच तो भाग तुटलेला असेल. वहींतील एका आंकड्याची किंमत ती एवढी.

ह्यावर नव्या यंत्रांचे अभिमानी म्हणतात कीं, आतां एका प्रोबांत अनेक वेटोळीं बसविलेलीं असतात, अनेक कंप्रता एकदम वापरतात, आणि संगणक संकेतांचा अर्थ लावतो; तेव्हां हें सर्व रडगाणें जुनें झालें. हीं साधनें उत्कृष्ट आहेत, आणि त्यांच्यामुळें पुष्कळ भेगा वेळींच सांपडतात, हें आम्ही आनंदानें मान्य करितों. परंतु संगणकास शिकविलें जातें तें नमुन्यांवरूनच. नमुने जर खांचांचे असतील तर तो खांचाच ओळखेल. आंकडा दशांश चिन्हापुढें तीन स्थळांपर्यंत छापला म्हणून तो तितका खरा ठरत नाहीं. उलट, आंकड्याचा थाट जितका मोठा तितका तो पाहणाऱ्याचा संशय निजवितो, हाच त्यांतील धोका आहे.

मग भरंवसा ठेवावा तरी कशावर? ह्या शास्त्रांतील जाणत्यांनीं एक प्रश्न उलटा करून विचारला, आणि तो आम्हांस फार मोलाचा वाटतो. ‘तुम्हांला किती लहान भेग सांपडूं शकते?’ असें न विचारतां ते विचारतात, ‘किती मोठी भेग तुमच्या हातून निसटूं शकते?’ पहिल्या प्रश्नाचें उत्तर तपासनिसाच्या सर्वोत्तम दिवसाचें असतें. दुसऱ्याचें त्याच्या नेहमींच्या दिवसांचें. हें अजमावण्याची एक रीत अशी कीं, ठराविक मापाच्या भेगा असलेले २९ तुकडे त्याजपुढें ठेवावे. ते सर्वच्या सर्व त्यानें ओळखले, तर त्या मापाच्या दहांपैकीं निदान नऊ भेगा त्याला सांपडतात असें शेंकडा ९५ विश्वासानें म्हणतां येतें. एकोणतीसच कां? ०·९ ह्या संख्येचा २९ वा घात ०·०५ हून किंचित् कमी भरतो, २८ वा घात मात्र किंचित् अधिक. आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं हें स्वतः पडताळून पाहावें. घातांकांचें गणित कोठें उपयोगीं पडतें, असा प्रश्न मग ते विचारणार नाहींत.

भेग निसटते ही कल्पना नव्हे. २२ डिसेंबर १९६९ रोजीं अमेरिकेंतील नेव्हाडा प्रांतांत एफ-१११ जातीचें लढाऊ विमान पंख तुटून कोसळलें व दोघे वैमानिक ठार झाले. तें शंभराहून थोडेच अधिक तास उडालेलें होतें. पंखाच्या पोलादी बिजागरीच्या घडणींत दोन सेंटिमीटरांहून लांब भेग मुळापासूनच राहिली होती, आणि त्या काळच्या निरनिराळ्या तपासण्यांतून ती सुटली होती. ह्या अपघातानंतर अमेरिकन हवाईदलानें आपलें धोरणच बदललें. धातु निर्दोष आहे असें न धरतां, त्यांत जी निसटूं शकते तेवढी भेग आहेच असें धरून चालावें, आणि ती घातक होण्याच्या आंत दोनदां तरी तपासणी यावी, अशी हिशेबाची पद्धत पडली. आवर्त प्रवाहांच्या तपासणीसहि हाच धडा मिळालेला आहे. न्यू यॉर्क शहराच्या उत्तरेस हडसन नदीकांठीं असलेल्या इंडियन पॉइंट केंद्रांत १५ फेब्रुवारी २००० रोजीं बाष्पजनित्राची एक नळी वळणावर फुटली. १९९७ मध्यें त्या नळ्यांची ह्याच पद्धतीनें तपासणी झाली होती. परंतु वळणावरील इतर खळबळीत भेगेचा क्षीण संकेत झांकून गेला, आणि ती नळी चांगली समजून कामांत ठेवली गेली. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं.

ह्या सर्वांवरून आमचीं तीन मागणीं आहेत. पहिलें असें कीं, भेगेचें माप लिहितांना त्याबरोबर संभाव्य चुकीची मर्यादा लिहिलीच पाहिजे. ‘खोली २ मिलिमीटर’ असें न लिहितां, ‘खोली २ मिलिमीटर, परंतु ३ पर्यंत असूं शकेल’ असें लिहावें, आणि भागाचें आयुष्य ठरवितांना तीनच धरावे. दुसरें असें कीं, ‘भेग नाहीं’ हे शब्द तपासनिसाच्या वहींतून हद्दपार व्हावे. ‘अमुक मापाहून मोठी भेग आढळली नाहीं’ एवढेंच खरें बोलणें होय. तिसरें मागणें तपासनिसाविषयीं आहे. विमानांची तपासणी बहुधा रात्रीं होते, कारण दिवसा तीं उडत असतात. मचाणावर उभें राहून, अवघडलेल्या मानेनें, शेंकडों सारख्याच रिव्हेटांवरून प्रोब फिरवीत राहणें हें मन बधिर करणारें काम आहे. आणि त्यांत बहुतेक रात्रीं कांहींच सांपडत नाहीं. अशा माणसास पुरेशी विश्रांति, चांगला उजेड आणि पुरेसा वेळ देणें हा यंत्राचाच एक भाग समजला पाहिजे. आणि त्यानें संशय लिहिला म्हणून विमान खोळंबलें, तर त्यावर कोणीं डोळे वटारूं नयेत. ज्या ठिकाणीं संशय सांगणें महाग पडतें, त्या ठिकाणीं भेगा सांपडेनाशा होतात.

ह्या कडकपणाची किंमत आहे, हें आम्ही जाणतों. पुष्कळ चांगले भाग केवळ संशयावरून काढून टाकावे लागतील, उड्डाणें रद्द होतील, खर्च वाढेल. संशयाला अंत नसतो, हा आक्षेपहि खरा आहे. म्हणूनच आम्ही संशय मोघम न ठेवतां आंकड्यांनीं लिहावा असें म्हणतों. मर्यादा लिहिलेली असली म्हणजे कोठें थांबावें आणि कोठें पुढें जावें, हें ठरवितां येतें. ती लिहिलेली नसली म्हणजे भित्रा सर्वच काढून टाकतो आणि धाडसी सर्वच चालू देतो.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांतील कोणी पुढें एंजिनियर होतील, कोणी वैद्य, कोणी हिशेबनीस. प्रत्येकाच्या हातीं कोणत्या ना कोणत्या तऱ्हेचा प्रोब येईल, आणि प्रत्येकास न दिसणाऱ्या गोष्टीविषयीं एक आंकडा लिहावा लागेल. प्रयोगशाळेंत मोजमाप घेतांना ‘उत्तर पुस्तकाशीं जुळतें कां’ एवढेंच पाहण्याची संवय लागली असेल, तर ती आजच सोडा. आपलें मोजमाप किती चुकूं शकतें, हें उत्तराशेजारीं लिहिण्याची संवय लावून घ्या. तुमच्या वहीवर विसंबून जो मनुष्य विमानाच्या पायऱ्या चढेल, त्यास तुमचें नांव कधींच कळणार नाहीं. परंतु तुम्ही लिहिलेल्या मर्यादेवर त्याचा जीव सुखरूप राहील.